हुकूमनामा कोणाच्या नावावर? दिवाळे काढलेले शहर आणि वकिलाच्या फीची वसुली

कापडाच्या धंद्यात तीस-पस्तीस वर्षे काढल्यावर आम्हाला एक गोष्ट पक्की कळली आहे. माल विकणे सोपे, पैसे वसूल करणे अवघड. कोर्टातून हुकूमनामा आणणे त्याहून अवघड, आणि त्या हुकूमनाम्याची रक्कम हातात पडणे सर्वांत अवघड.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका नगरपालिकेच्या दवाखान्याला चादरी आणि उशांचे अभ्रे पुरवले होते. माल पास झाला, पावती मिळाली, बिल मात्र अडकले. दर महिन्याला चक्कर मारायची आणि एकच उत्तर ऐकायचे, "शेठ, तिजोरीत पैसा नाही." शेवटी वकिलाकडे गेलो. त्यांनी कागद चाळून पहिला प्रश्न विचारला, "ऑर्डरवर सही कोणाची आहे, आणि देणे कोणाच्या नावावर आहे?" त्या वेळी हा प्रश्न आम्हाला फालतू वाटला होता. पुढे मुद्दल मिळाली, व्याज सोडावे लागले, आणि मुद्दलातला मोठा हिस्सा वकिलाच्या फीत गेला.

हे आज आठवण्याचे कारण असे की, हेच दोन प्रश्न, म्हणजे देणे कोणाच्या नावावर आणि वकिलाची फी कोण देणार, अमेरिकेच्या कोर्टांत मोठ्या चर्चेचे झाले आहेत. आपल्याकडे नगरपालिका "पैसा नाही" असे तोंडी सांगते. अमेरिकेत शहर तेच कोर्टात लेखी सांगू शकते आणि रीतसर दिवाळे काढू शकते. मग त्या शहराविरुद्ध ज्यांनी खटले जिंकले, त्यांचे काय होते? आणि ज्या वकिलाने गरिबाचा खटला स्वतःच्या खर्चाने लढवला, त्याच्या फीचे काय होते? व्यापारी आणि कारागीर बांधवांना हा विषय दूरचा वाटेल. पण थोडे धीराने वाचावे. उधारीचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला यातून घेण्यासारखे आहे.

हरलेला वकिलाची फी देतो का?

आपल्याकडे दिवाणी दाव्यात हरलेल्या पक्षावर कोर्ट खर्च बसवते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये तशी तरतूद आहे. प्रत्यक्ष दिलेल्या फीच्या मानाने ही रक्कम बहुतेक वेळा फार लहान असते, पण तत्त्व तरी तसे आहे. अमेरिकेत सर्वसाधारण नियम उलटा आहे. जिंको वा हरो, ज्याने त्याने आपापल्या वकिलाची फी भरायची. १९७५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने अलास्काच्या तेलवाहिनीच्या खटल्यात हा नियम ठामपणे सांगितला. संसदेने कायदा केल्याशिवाय कोर्टांनी आपल्या मनाने समोरच्यावर फी बसवू नये, असे त्या निकालाचे म्हणणे होते.

या निकालाने नागरी हक्कांचे खटले अडचणीत आले. पोलिसांनी मारहाण केली, रंग किंवा वंश पाहून भेदभाव झाला, बेकायदा घरझडती झाली, अशा खटल्यांत फिर्यादी बहुधा गरीब असतो आणि नुकसानीचा आकडा लहान असतो. वकील कशाच्या भरवशावर उभा राहणार? म्हणून १९७६ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा केला. नागरी हक्काच्या खटल्यात जिंकलेल्या पक्षाला वाजवी वकील फी समोरच्याकडून देवविण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. ज्या कलमात ही तरतूद आहे, त्याला कलम १९८८ म्हणतात.

या कायद्याची ताकद कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड शहराच्या खटल्यात दिसली. तिथे पोलीस वॉरंटशिवाय एका घरगुती पार्टीत घुसले होते. फिर्यादींना नुकसानभरपाई मिळाली ३३ हजार ३५० डॉलर, आणि वकिलांची फी ठरली २ लाख ४५ हजार ४५६ डॉलर. फी भरपाईच्या सातपटीहून जास्त! शहराने तक्रार केली. १९८६ साली सुप्रीम कोर्टाने पाचास चार मतांनी फी कायम ठेवली. मतलब असा की, हक्काची किंमत फक्त पैशांत मोजायची नसते. लहान माणसाचा लहान खटला लढवणारा वकील मिळाला नाही, तर हक्क कागदावरच राहतो.

म्हणून वाचकांनी हे लक्षात ठेवावे, की या विषयात वकिलाची फी ही चैनीची बाब नाही. गरिबाला कोर्टाचे दार उघडून देणारी ती किल्ली आहे. ती फी वसूल होणार नाही असे वकिलांना कळले, तर पुढचा गरीब फिर्यादी दारातूनच परत जाईल.

शहरावर जप्ती नेता येते का?

समजा निकाल लागला, फीही ठरली. आता वसुली. खासगी माणसाने पैसे दिले नाहीत तर आपण दरखास्त लावतो, गोदाम सील करतो, बँक खाते गोठवतो. शहराचे काय करणार? अग्निशमनाचा बंब, शाळेची इमारत, पाण्याची टाकी यांचा लिलाव पुकारता येत नाही. सार्वजनिक कामासाठी असलेल्या मालमत्तेवर सामान्यतः जप्ती चालत नाही, हा तिथला जुना नियम आहे. लुइझियाना राज्याची घटना तर आणखी पुढे जाते. राज्य सरकार किंवा त्याखालच्या स्थानिक संस्थांविरुद्धच्या हुकूमनाम्याचे पैसे, त्यासाठी खास मंजूर केलेल्या निधीतूनच मिळू शकतात. मंजुरी नाही तर वसुली नाही. हुकूमनामा भिंतीवर टांगून ठेवायचा.

इतर बऱ्याच ठिकाणी रस्ता वेगळा आहे. कोर्टाकडून मँडॅमस आणायचा, म्हणजे "हे तुमचे कायदेशीर काम आहे, ते करा" असा अधिकाऱ्यांना हुकूम. ही वाट जुनी आहे. १८६७ साली इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी शहराने रोख्यांची देणी थकवली होती. तेव्हा सुप्रीम कोर्टाने असे ठरवले की, धनकोंचे पैसे भागवण्यासाठी कर बसवण्याचा हुकूम शहराला देता येतो. कॅलिफोर्नियात आज कायदा स्पष्ट आहे. स्थानिक संस्थेने हुकूमनाम्याची रक्कम दिलीच पाहिजे, न दिल्यास मँडॅमससारखा हुकूम मिळतो, आणि एकदम देणे फारच जड जात असेल तर वार्षिक हप्ते पाडून जास्तीत जास्त दहा वर्षांत फेड करता येते.

म्हणजे शहर चालू असेपर्यंत वसुली उशिरा होते, पण होते. खरी अडचण शहराने दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर सुरू होते.

शहराचे दिवाळे म्हणजे काय?

आपल्या बाजारात पेढी बुडाली की दुकानाला टाळे लागते, माल विकला जातो आणि धनको आपापला हिस्सा घेऊन जातात. शहराचे तसे होत नाही. शहराला टाळे लावून लोकांना बाहेर काढता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात शहरांसाठी वेगळे प्रकरण आहे, प्रकरण नऊ. मंदीच्या काळात १९३४ साली असा पहिला कायदा झाला. १९३६ साली सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. १९३७ साली सुधारून पुन्हा आला आणि १९३८ साली कोर्टाने तो मान्य केला.

या प्रकरणाच्या तीन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली, अर्ज फक्त शहरच करू शकते, आणि त्यालाही राज्याची परवानगी लागते. धनको एकत्र येऊन शहराला दिवाळखोरीत ढकलू शकत नाहीत.

दुसरी, अर्ज दाखल होताच सर्व वसुलीला आपोआप स्थगिती मिळते. दरखास्त थांबते, मँडॅमस थांबतो, चालू खटलेही थांबतात. शहराकडून वसुली करण्यासाठी त्याच्या अधिकाऱ्यांवर लावलेली कारवाईसुद्धा थांबते.

तिसरी, दिवाळखोरी कोर्ट शहराची मालमत्ता विकत नाही आणि त्याच्या महसुलात हातही घालत नाही. शहर फेडीची योजना मांडते, धनको मत देतात, कोर्ट ती तपासून मंजूर करते. एकदा योजना मंजूर होऊन अंमलात आली की जुनी देणी त्या योजनेप्रमाणेच फिटतात. बाकीची पुसली जातात.

या योजनेत तारण नसलेल्या धनकोंची जागा सगळ्यात मागे. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो शहराने ऑगस्ट २०१२ मध्ये अर्ज केला. २०१७ साली मंजूर झालेल्या योजनेत सामान्य बेतारणी धनकोंना डॉलरमागे एक सेंट ठरला. म्हणजे शंभराला एक! कोर्टात जिंकलेला गरीब माणूस आणि त्याच्या वकिलाची फी साधारणपणे याच रांगेत येतात. पुरवठादार व्यापारीही याच रांगेत.

इथे एक गोष्ट आम्हाला फार टोचली. अमेरिकेत एखाद्या माणसाने व्यक्तिगत दिवाळे काढले, तर त्याची सगळी देणी पुसली जात नाहीत. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुसऱ्याला इजा केली असेल, तर त्याची भरपाई दिवाळे काढूनही चुकत नाही. फसवणुकीचे देणेही चुकत नाही. १९९८ साली न्यू जर्सीच्या होबोकन गावातल्या एका घरमालकाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. त्याने भाडेकरूंकडून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भाडे फसवून घेतले होते. कोर्ट म्हणाले, फसवून घेतलेली मूळ रक्कम, तिची तिप्पट भरपाई आणि भाडेकरूंच्या वकिलाची फी, हे सगळे त्या फसवणुकीचेच देणे आहे. ते घरमालकाच्या मानेवरून उतरणार नाही.

पण ही अपवादांची यादी व्यक्तीसाठी आहे. शहराच्या दिवाळखोरीला ती लागू होत नाही. म्हणजे तोच गुन्हा, तीच मारहाण, तीच फी. देणे माणसाच्या नावावर असेल तर ते टिकू शकते, शहराच्या नावावर असेल तर ते शंभराला एक होऊ शकते. आमच्या वकिलांचा तो जुना प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो, देणे कोणाच्या नावावर आहे?

व्हॅलेजोचा खटला

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. सॅन फ्रान्सिस्कोजवळ व्हॅलेजो नावाचे शहर आहे, वस्ती सव्वा लाखाच्या आत-बाहेर. पूर्वी तिथे नौदलाचा कारखाना होता, तो १९९६ साली बंद झाला. पोलीस आणि अग्निशमन दलाच्या पगाराचे करार जड होत गेले, घरांच्या बाजारातील घसरणीने कराचे उत्पन्न घटले, आणि मे २००८ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०११ साली योजना मंजूर होऊन अंमलात आली.

अर्ज करण्याआधीच शहरावर आणि काही पोलिसांवर जादा बळ वापरल्याबद्दल एक खटला दाखल झालेला होता. दिवाळखोरीच्या स्थगितीने तो अडकला. योजना मंजूर झाल्यावर पुन्हा सुरू झाला. ज्यूरीने दोन पोलिसांना जबाबदार धरले आणि भरपाई ठरवली ५० हजार डॉलर. त्यावर कोर्टाने कलम १९८८ खाली वकील फी बसवली, सुमारे ३ लाख १४ हजार डॉलर. हुकूमनामा त्या दोन पोलिसांच्या व्यक्तिगत नावावर होता.

तेव्हा असा बचाव मांडला गेला. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे, कर्मचाऱ्याने नोकरीचे काम करताना केलेल्या चुकीची भरपाई त्याच्या वतीने मालकाने, म्हणजे शहराने, द्यायची असते. तेव्हा नाव पोलिसांचे असले तरी पैसा शहराच्याच तिजोरीतून जाणार. म्हणून हे दरअसल शहराचेच देणे आहे. शहराच्या देण्यांना योजना लागू आहे. सबब फिर्यादीने आणि त्याच्या वकिलांनी योजनेप्रमाणे कापलेली रक्कम घेऊन गप्प बसावे.

हा मुद्दा वरवर पाहता चुकीचा वाटत नाही. ज्या शहराने आपल्या इतर धनकोंना कमी घ्यायला लावले, त्याने पोलिसांच्या चुकीचे पूर्ण पैसे का द्यावे? आणि साध्या पगारदार पोलिसावर लाखो डॉलरचे ओझे टाकले, तर उद्या पोलिसाची नोकरी कोण करील? या शंका खऱ्या आहेत, त्या झटकून चालणार नाही.

पण सप्टेंबर २०१६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने हा बचाव मान्य केला नाही. कारण समजायला आपल्या बाजारातली गोष्ट घेऊ. समजा एका पेढीच्या मुनीमाने स्वतःच्या नावावर तुमच्याकडून रक्कम घेतली. शेठने मुनीमाला सांगितले, "तुझ्यावर आले तर मी भरीन." पुढे शेठचे दिवाळे निघाले. आता शेठने मुनीमाला दिलेला शब्द शेठच्या इतर देण्यांबरोबर कापला जाईल. पण मुनीम तुम्हाला असे म्हणू शकेल का, की "शेठ बुडाला, म्हणून माझेही देणे संपले"? नाही. तुमचा हिशेब मुनीमाशी आहे. मुनीमाचा हिशेब शेठशी आहे. ही दोन वेगळी खाती आहेत.

कोर्टाने सांगितलेले सार हेच होते. व्यक्तिगत जबाबदारीवर चाललेला दावा हा त्या अधिकाऱ्यावरचा दावा असतो. शहराने त्याला भरपाईची हमी दिली, म्हणून दाव्याचे रूप बदलत नाही. शहराचे पोलिसांशी काय देणेघेणे असेल ते त्यांनी योजनेखाली पाहावे. शहराच्या दिवाळखोरीने पोलिसांवरचा हुकूमनामा पुसला जात नाही. आणि वकिलाची फी त्या हुकूमनाम्याबरोबरच चालते. मूळ टिकले, म्हणून फीही टिकली.

डेट्रॉइटनेही हेच दाखवले. मोटारींच्या या शहराने जुलै २०१३ मध्ये सुमारे १,८०० कोटी डॉलरच्या देण्यांसह अर्ज केला. नोव्हेंबर २०१४ मध्ये योजना मंजूर झाली. दिवाळखोरी कोर्टाच्या न्यायाधीशांनी तिथे एक भेद स्पष्ट केला. नागरी हक्कांचा जो दावा शहरावर आहे, तो योजनेप्रमाणे कापला जाऊ शकतो. पण अधिकाऱ्यावर व्यक्तिशः असलेला दावा योजनेने पुसता येणार नाही. दिवाळखोरी शहराची आहे, नोकरांची नाही.

याच डेट्रॉइटच्या कामात वकील आणि सल्लागारांचा खर्च सुमारे १७ कोटी ८० लाख डॉलर झाला, आणि तो शहराने भरला. दिवाळे काढणाऱ्या वकिलांना पूर्ण मोबदला, आणि त्याच शहराविरुद्ध जिंकलेल्या गरिबाचा वकील मात्र बेतारणी धनकोंच्या रांगेत. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही फी वेगळ्या प्रकारच्या आहेत हे आम्ही जाणतो. आजचे काम चालवणाऱ्याला रोख दिल्याशिवाय काम होत नाही, हे दुकानदारालाही कळते. तरी हा फरक पाहून कोणालाही दोन क्षण थांबावेसे वाटेल.

नाव निवडताना दोन्हीकडे धोका

वाचक म्हणतील, मग सोपे आहे. नेहमी अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दावा करावा. पण तसेही नाही.

१९७८ साली सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्क शहराच्या खटल्यात ठरवले की, नागरी हक्कांच्या कायद्याखाली शहर हे केवळ नोकराच्या चुकीमुळे जबाबदार ठरत नाही. शहराचे धोरण किंवा रूढ पद्धत त्या चुकीच्या मुळाशी होती, हे सिद्ध करावे लागते. आपल्याकडे ड्रायव्हरच्या चुकीबद्दल मालक भरतो, तसा सरळ हिशेब तिथे नाही. शहराला ओढायचे तर पुरावा जास्त लागतो.

पुढे १९८५ साली केंटकी राज्याच्या खटल्यात त्याच कोर्टाने वकील फीबद्दल असे सांगितले की, फीची जबाबदारी मूळ जबाबदारीबरोबर जाते. अधिकाऱ्यावर फक्त व्यक्तिशः जिंकलात, तर फीही त्याच्याकडूनच. मग सरकारी तिजोरीकडे फीसाठी बोट दाखवता येणार नाही.

म्हणजे तराजूची दोन पारडी आहेत. शहराचे नाव असेल तर तिजोरी मोठी, पण दिवाळे निघाले की हिस्सा पातळ. अधिकाऱ्याचे नाव असेल तर शहराच्या दिवाळ्याने हुकूमनामा मरत नाही, पण त्या माणसाचा खिसा लहान. त्याने स्वतः दिवाळे काढले तर त्याची इजा जाणूनबुजून केलेली होती का, हा प्रश्न पुन्हा लढवावा लागतो. १९९८ सालीच सुप्रीम कोर्टाने हवाईमधल्या एका डॉक्टरच्या खटल्यात सांगितले की, नुसता निष्काळजीपणा पुरेसा नाही, इजा करण्याचाच हेतू असावा लागतो. म्हणून ज्यूरीकडून नेमका काय निष्कर्ष लिहून घेतला, यावरसुद्धा पुढची वसुली अवलंबून राहते. तिथले जाणकार वकील म्हणूनच पुरावा असेल तिथे दोन्ही नावे घालतात, आणि निकालपत्रात कोणाची जबाबदारी कोणत्या कारणाने, हे स्पष्ट करून घेतात.

आणखी एक धोका मुदतीचा आहे. शहराने अर्ज केला की धनकोंनी आपला दावा नोंदवण्याची तारीख ठरते. खटला चालू आहे, फी अजून ठरलेली नाही, म्हणून नोंद नंतर करू, असे म्हणणारा फसतो. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात दाव्याची व्याख्या फार मोठी आहे. रक्कम न ठरलेला, वादातला, पुढे उद्भवू शकणारा हक्कसुद्धा दावाच धरला जातो. ज्याला दिवाळखोरीची नोटीस मिळाली नाही आणि योजना मंजूर होण्याआधी माहितीही नव्हती, त्याचे देणे मात्र पुसले जात नाही. पण नोटीस हातात पडूनही जो बसून राहिला, त्याची दया कायदा करीत नाही.

आपल्यासाठी यात काय?

आपल्या देशात नगरपालिकेने अशा रीतीने दिवाळे काढण्याचा कायदा नाही. २०१६ चा दिवाळखोरी कायदा कंपन्या, भागीदारी पेढ्या आणि व्यक्तींसाठी आहे, नगरपालिकांसाठी नाही. म्हणून आपल्याकडचे देणे अमेरिकेसारखे एका दिवसात शंभराला एक होत नाही. आणि "तिजोरीत पैसा नाही" ही सबब आपल्या सुप्रीम कोर्टाने कर्तव्याच्या बाबतीत नाकारलेली आहे. १९८० साली मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेने गटारे आणि घाण साफ करण्याच्या बाबतीत हीच सबब सांगितली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती मान्य केली नाही. कायद्याने नेमून दिलेले काम पैशांच्या अडचणीमुळे टळत नाही, असे ते म्हणाले. तो खटला उधारीचा नव्हता, आरोग्याचा होता, हे खरे. पण तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपला धोका वेगळा आहे. आपल्याकडे देणे मारले जात नाही, ते झोपवले जाते. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत साधारण तीन वर्षे आहे. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून देणे कबूल केले, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. तोंडी "पुढच्या महिन्यात" याला किंमत नाही. हुकूमनामा मिळाल्यावर दरखास्तीसाठी सामान्यतः बारा वर्षे असतात. आमच्या ओळखीतल्या कित्येक कारागिरांचे हक्क "आज ना उद्या देतील" या भरवशावर मुदतीबाहेर गेले आहेत.

तेव्हा व्हॅलेजोच्या खटल्यातून आम्ही स्वतःसाठी काही गोष्टी बांधून घेतल्या आहेत. त्या इथे देतो.

ऑर्डर घेताना नाव पाहावे. संस्थेच्या नावाने ऑर्डर आहे की साहेबांच्या तोंडी सांगण्यावर माल जातो आहे? सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे का? एखादा म्हणाला, "मी आहे ना," तर तो जामीन म्हणून लेखी सही करायला तयार आहे का, हे विचारावे. जो लिहून देत नाही, तो भरूनही देत नाही.

वकिलाशी बोलताना फीचा हिशेब आधीच करावा. दावा केवढ्याचा, खर्च केवढा, आणि कोर्ट समोरच्याकडून किती खर्च देववील, हे तिन्ही आकडे कागदावर मांडावेत. मग लढायचे की मिटवायचे ते ठरवावे. यात लाज नाही.

आणि ज्यांची मुले-भाऊ अमेरिकेत दुकान, मोटेल किंवा ठेकेदारी करतात, त्यांनी आपल्या माणसांना एक निरोप जरूर द्यावा. शहराकडून येणे असेल आणि दिवाळखोरी कोर्टाची नोटीस घरी आली, तर ती जाहिरात समजून टोपलीत टाकू नका. त्यातली तारीख कॅलेंडरवर लिहा आणि वेळेत दावा नोंदवा.

शेवटी मूळ मुद्दा. व्हॅलेजोच्या खटल्यात ५० हजारांच्या भरपाईवर ३ लाखांहून अधिक फी, हे ऐकून आमच्या बाजारात कोणीही हसेल. म्हणतील, वकिलांचीच चांदी! आम्हालाही आधी तसेच वाटले. पण दवाखान्याच्या त्या चादरींची आठवण झाली आणि हसू थांबले. आमचा हक्क शंभर टक्के खरा होता, तरी वकिलाची फी आमच्याच खिशातून गेल्याने तो अर्धामुर्धाच हातात आला. आमच्यापाशी दुकान होते, म्हणून लढलो तरी. ज्याच्यापाशी हातमागाशिवाय काही नाही, तो लढायलाच जात नाही. त्याच्या वतीने उभ्या राहणाऱ्या वकिलाची फी बुडू न देणे, म्हणजे त्या माणसाचा हक्क बुडू न देणे आहे. त्या कोर्टाने शहराचे खाते आणि माणसाचे खाते वेगळे ठेवले, आणि त्यामुळे ती फी वाचली. खाती वेगळी ठेवायची, हे तर आपल्या वडिलांनी आपल्याला पहिल्या दिवशी गादीवर बसवतानाच शिकवले होते.